पोरांची कोरियन, इमोचा कोबी

मी परत आले त्याला वर्ष होत आलं, तरी गावात लोक अजून विचारतात, "कोरिया कसा हाय?" मी सांगते, थंड हाय. मग विचारतात, "माणसं कशी हायेत?" तिथं माझी गाडी अडते. मी पत्रकं लिहिणारी. एका पानात चार मागण्या, दोन निषेध, खाली सही, हे मला झोपेतही जमतं. पण तिथं जे झालं त्यात मागणी कुणाची आणि निषेध कुणाचा, हे मला आजही धड सांगता येत नाही. म्हणून पत्रक न लिहिता हे लिहिते आहे. ज्यांना स्पष्ट निष्कर्ष हवेत त्यांनी आमची पत्रकं वाचावीत. बीडच्या बसस्थानकाच्या भिंतीवर अजून दोन-चार चिकटलेली असतील.

मी नेकनूरची. ऊसतोड बायकांच्या संघटनेत काम करते. सिरसाळ्याच्या सत्यभामाताईंनी मला तयार केलं. त्यांनी स्वतः कितीतरी हंगाम कोयता धरलेला. त्यांच्याकडून मी दोन नियम शिकले. पहिला, ज्या बाईवर अन्याय झाला तिचं पूर्ण नाव-गाव पत्रकात घालायचं. "नाव नसलेलं पत्रक म्हणजे बुजगावणं," ताई म्हणायच्या. "दोन दिवस पाखरं भितेत. तिसऱ्या दिवशी त्याच्याच डोक्यावर बसतेत." दुसरा नियम, पत्रक काढायचं ते टोळ्या कारखान्याला निघायच्या आधी. तेव्हा मुकादमाला माणसांची गरज असते, म्हणून तो ऐकतो. एकदा गाड्या भरून निघाल्या की कोण कुणाचं ऐकतंय.

हे दोन नियम लक्षात ठेवा. मी ते डोक्यात घेऊनच विमानात बसले आणि तिथंच फसले.

जाणं असं झालं. आमच्या एका मेळाव्याला कोरियातल्या शेतकरी बायकांच्या गटातल्या दोघी आल्या होत्या. त्यांच्या खोऱ्यात पालकांनी मिळून काढलेली एक छोटी शाळा होती. तिथं एका सत्रासाठी बाहेरच्या देशातून कुणाला तरी इंग्रजी शिकवायला बोलावतात. माझं बी.एड. झालेलं, इंग्रजी बरं, लग्न झालेलं नाही. तिसऱ्या गोष्टीवरून घरात रोजच चर्चा असते, त्यामुळं मी लगेच हो म्हणाले.

आई म्हणाली, "आठवडी बाजाराला चल म्हणलं तं तुला लांब पडतंय. आन् आता कोरियाला कावून?"

"शिकवायला," मी म्हणाले.

"हितली पोरं शिकून झाली का समदी?"

मी उठून बॅग भरायला लागले. सुरुवातच तशी झाली.

पहिला आठवडा

विमानाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बसून बसून पाय सुजले एवढंच. सेऊलमधून बसनं चार तास दक्षिणेला गेलं की ते खोरं लागतं. भाताची खाचरं, मागं डोंगर, आणि झाडांना पानं कमी आणि नारिंगी फळं जास्त. टोमॅटोसारखी दिसतात, खाल्ली की तोंडात साखर. गावात घरं चांगली पण निम्म्यांना कुलूप. रस्त्यावर फक्त म्हातारी माणसं. तरुण सगळे शहरात. मला एकदम ओळखीचं वाटलं. दिवाळी झाल्यावर आमच्याकडं वस्त्या अशाच दिसतात. फरक एवढाच की आमचे लोक उन्हाळ्यात परत येतात. ह्यांचे येत नाहीत.

पहिल्या दिवशी मला सात जणांनी वय विचारलं. नाव नंतर, वय आधी. मला राग आला. मग कळलं, त्यांना वय कळल्याशिवाय बोलताच येत नाही. समोरचा मोठा असेल तर एक बोली, लहान असेल तर दुसरी. आमच्याकडं नव्या माणसाला आधी आडनाव विचारतात. त्यांना वय पुरतं. दोन्हीकडं हेतू एकच: तुला कुठं बसवायचं ते ठरवणं. तरी मी म्हणेन, वयाचं बरं. ते निदान दरवर्षी वाढतं.

जेवणाआधी, जेवणानंतर, रस्त्यात, शाळेच्या दारात, सगळीकडं एकच प्रश्न: "बाप मगस्सॉ?" बाप म्हणजे भात. भात खाल्लास का? मी पहिले तीन दिवस प्रामाणिकपणे सांगत होते की खाल्ला, पण त्या माशाच्या वासाच्या रश्श्यानं पोट भरलं नाही, आणि सकाळी काय खाल्लं तेही. लोक हसून निघून जायचे. कुणी वाढायला थांबायचं नाही. मग लक्षात आलं की तो प्रश्न नाही, तो रामराम आहे. आता रामरामला कुणी पोटाचा अहवाल देतं का? मी दिला.

नववीचा वर्ग

मला नववीची पोरं-पोरी दिली होती. वर्गात बारा जण. त्यात जीउ नावाची पोरगी, जाड भिंगांचा चष्मा, इंग्रजी सगळ्यांत चांगलं, आणि तोंड आमच्या दिंद्रुडच्या आत्याइतकं फटकळ. तिनं दुसऱ्याच दिवशी माझी पाठ्यपुस्तकातली कोरियन ऐकून डोक्याला हात लावला.

"स्सॅम, असं टीव्हीवरचे बातम्यावाले बोलतात."

स्सॅम म्हणजे सर-मॅडम. पूर्ण शब्द मोठा आहे, पोरं तो चावून एवढासा करतात. आमच्याकडं 'सर' चा 'सऽ' होतो तसंच.

मग सौदा ठरला. मी त्यांना इंग्रजी शिकवायचं, त्यांनी मला खरी कोरियन. अक्षरं मी आठवड्यात शिकले, ती सोपी आहेत. शब्द मात्र वर्गातच मिळायचे. आश्चर्य वाटलं की 'हऽल'. लई भारी असलं की 'देबाक'. मजा आली नाही की 'नोजॅम'. आणि जो माणूस आपल्या वयाच्या जोरावर सारखं शहाणपण शिकवतो, तो 'कोंदे'.

"असे तुमच्याकडं असतात का?" जीउनं विचारलं.

"आमच्याकडं त्यांच्यासाठी पार बांधलेले असतात," मी म्हणाले.

एक दिवस वर्गात मोठ्या हुद्द्याच्या लोकांची गोष्ट निघाली. कुणीतरी म्हणालं, 'गापजिल'. मी अर्थ विचारला. जीउनं फळ्यावर एक करार काढला. वर ज्याचं नाव असतं त्याला 'गाप' म्हणतात, खाली ज्याचं नाव त्याला 'उल'. वरच्यानं वरचेपणाच्या जोरावर खालच्याला वाकवलं, की ते गापजिल. पेपरात येतं, टीव्हीवर येतं, शाळेतली पोरंसुद्धा बोलतात.

मी खडू खाली ठेवला. इतक्या वर्षांत असा शब्द आम्हाला का सापडला नाही? आम्ही पत्रकात 'पिळवणूक' लिहितो, 'शोषण' लिहितो. जिच्यासाठी लिहितो ती बाई पत्रक उलटंपालटं करून विचारते, "ताई, ह्ये काय लिव्हलंय?" आणि इथं एक अख्खा मुकादम चार अक्षरांत बसवलेला. मी तो शब्द वहीत तीनदा लिहिला. आता हा शब्द कुठंतरी वापरला पाहिजे, असं मला वाटायला लागलं. खरं सांगते, आधी शब्द मिळाला, अन्याय मग शोधला.

मुख्याध्यापक चोई हे साठीला टेकलेले, नेहमी कोटात. दर सोमवारी मैदानात लांबलचक भाषण. एका सोमवारी भाषण संपल्यावर व्हरांड्यात त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, "भाषण कसं वाटलं?" मी म्हणाले, "नोजॅम."

मागं पोरं उभी होती. त्यांनी माना खाली घातल्या. चोई साहेब इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पुढच्या सोमवारी भाषण निम्मं झालं. मला वाटलं, बरं झालं. हा माणूस तोंडावर बोललेलं चालवून घेणारा आहे. पुढं मी जे केलं त्याचं धाडस मला ह्या एका हसण्यानं दिलं.

जेवणघर

शाळेत स्वयंपाक करायची ती पार्क सुन-जा. तिला सगळे 'इमो' म्हणायचे. इमो म्हणजे आईची बहीण. म्हणजे थेट मावशी! हॉटेलातली वाढणारी इमो, धुणं-भांडी करणारी इमो. मी तिथं उभ्याउभ्या चिडले. आमच्याकडंही हेच. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईला मावशी म्हणायचं, आणि मावशीनं पगार वाढवून मागितला की म्हणायचं, अहो मावशी, घरचंच काम आहे. नातं लावलं की कामगार नाहीशी होते. दोन्ही देशांना हे कुणी शिकवलं कोण जाणे.

पण मीही तिला इमोच म्हणायचे. दुसरं काय म्हणणार?

तिची बोली त्या खोऱ्यातली, शहरी कोरियन नव्हेच. जीउ तिच्या शेजारी राहायची, ती मला इंग्रजीत सांगायची. इथं मी इमोचं बोलणं आपल्या बोलीत लिहिते, कारण पुस्तकी मराठीत लिहिलं तर ती इमो राहणार नाही. तिचा एक लाडका शब्द होता, 'कोशीगी'. आपण 'ते ह्ये' म्हणतो ना, तसा. झारा कोशीगी, मीठ कोशीगी, मुख्याध्यापकसुद्धा कोशीगी. पोरं तिची नक्कल करायची.

माझ्या ताटात रस्सा तसाच राहतो हे तिनं पाचव्या दिवशी पाहिलं. सहाव्या दिवसापासून माझ्या भातावर तळलेलं अंडं आणि दोन हिरव्या मिरच्या यायला लागल्या. मी मिरची नुसतीच कचाकचा खाल्ली तेव्हा तिनं जीउला हाक मारून दाखवलं. एका रविवारी मी तिथल्याच मिरच्या आणि लसूण घेऊन ठेचा केला. खलबत्ता नव्हता, वाटीनं ठेचला. तिनं बोटानं चाटला, डोळे मिटले.

"कसा?" मी विचारलं.

"कोशीगी," ती म्हणाली, आणि बरणी उचलून आपल्या पिशवीत टाकली.

चुलीच्या मागं भिंतीवर तिचं कॅलेंडर होतं. त्यावर ती रोज एक फुली मारायची. जीउनं सांगितलं, इमोचा करार दर सहा महिन्यांनी नवा होतो. डिसेंबरात तिची दोन वर्षं पुरी होतात. तो एक कागद झाला की ती कायम. मग तिला कुणी उठ म्हणू शकत नाही. तो कागद पालकांच्या समितीपुढं जातो, आणि त्यावर मुख्याध्यापकांनी चार ओळी लिहायच्या असतात. इमोच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई होती. जवळपास दुसरी शाळा नव्हती. हा कागद झाला नाही तर तिला शहरात जाऊन परक्याच्या हॉटेलात भांडी घासावी लागणार होती, आणि आईला कुठंतरी ठेवावं लागणार होतं.

शनिवार

नोव्हेंबरच्या शेवटी थंडी अशी पडली की कान आहेत की गेले ते हात लावून बघावं लागायचं. तेव्हा तिथं 'किमजांग' असतं. हिवाळ्याची किमची घालायची. कोबी म्हणजे आपला गड्डा नव्हे, लांबट पानांचा. तो मधोमध कापून रात्रभर मिठाच्या पाण्यात खारवायचा, सकाळी धुवायचा, आणि पानापानात तिखट, लसूण, मुळा, माशाचा खार भरायचा. एकट्याचं काम नाही. आज माझ्याकडं, उद्या तुझ्याकडं. आमच्याकडं उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका कुरडया घालतात तसंच थेट. हसणं तेच, उखाळ्यापाखाळ्या त्याच.

शाळेचं किमजांग शुक्रवारी झालं. पोरं, शिक्षक, सगळे लाल हातमोजे घालून बसलेले. मीही बसले. नाक शिंकरायला गेले आणि तिखटाचा हात डोळ्याला लागला. पोरांनी मला नळाखाली नेलं आणि "हऽल, हऽल" करत तोंडावर पाणी मारलं. तो दिवस मजेत गेला.

शनिवारी सुट्टी. सकाळी मी खोलीच्या खिडकीतून बघितलं तर शाळेच्या अंगणात पुन्हा कोबीचा ढीग. इमो आणि गावातल्या दोघी वाकलेल्या. दुपारी चोई साहेबांची गाडी आली. त्यांची बायको उतरली, सोबत उकडलेलं डुकराचं मांस आणि रिकामे डबे. ती पायरीवर बसून डब्यांवर नावं चिकटवायला लागली: मोठा मुलगा, सेऊल. मुलगी. धाकटे दीर. इमो धूत होती, भरत होती, मधेच पाठीवर हात ठेवून सरळ होत होती.

मी खाली गेले. जीउ तिथंच होती.

"हे कुणाचं?"

"मुख्याध्यापकांच्या घरचं. दरवर्षी असतं. आधीची इमोपण करायची."

"आज तिची सुट्टी ना?"

"हो."

"पगारात धरतात?"

"नाही स्सॅम. पण तिच्या आईला दवाखान्यात न्यायचं असलं की साहेब गाडी काढतात. आणि एक डबा तिलाही देतात."

"मग हे गापजिल आहे की नाही?"

जीउनं चष्मा पुसला. "आहे. म्हणजे... तसं नाही."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे थंडी लई आहे स्सॅम, आत चला."

तेवढ्यात इमोनं मला बघितलं, एक पान मसाल्यात गुंडाळून माझ्या तोंडात कोंबलं, आणि काहीतरी बोलून मोठ्यांदा हसली. चोईबाईही हसल्या. मी चावत उभी राहिले. मला आमच्या भागातल्या मुकादमाचं अंगण दिसत होतं. टोळीतल्या बायका त्याच्या घरच्या कुरडया घालायला जातात. तिथंही हसतात. तिथंही त्यांना चहा मिळतो, कधी नेसायला पातळ मिळतं. आम्ही त्याला वेठ म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. मग हे काय होतं?

सोमवार

रविवारी मी पत्रक लिहिलं. त्यांच्याकडं कॉलेजातली पोरं हातानं मोठे कागद लिहून भिंतीवर लावतात अशी जुनी रीत आहे, जीउनंच सांगितलेलं. म्हणजे मी काही परकं करत नव्हते. दोन्ही नियम पाळले. वर नाव: पार्क सुन-जा, गावासह. आणि वेळ: कागद व्हायच्या आधी. आत्ताच तर दाबायची वेळ. मजकूर माझ्याच कोरियनमध्ये, म्हणजे पोरांच्या:

"चोई मुख्याध्यापक, हे गापजिल आहे. सुट्टीच्या दिवशी पार्क सुन-जा यांनी तुमच्या घरचा कोबी का भरायचा? हऽल! कोंदे होऊ नका. कामाचा मोबदला द्या."

खाली माझी सही. सोमवारी सकाळी जेवणघराच्या दाराशेजारी लावलं. पहिली पोरं आली, वाचलं, "देबाक" म्हणाली. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ती वर्गाकडं पळाली. पहिल्या सुट्टीत कागद भिंतीवर नव्हता.

चोई साहेबांनी बोलावलं. मी भांडायच्या तयारीनं गेले. त्यांनी खारकेसारख्या फळाचा गरम चहा दिला आणि विचारलं, "जेवलात का?" आता हा रामराम होता की खरंच विचारत होते, मला कळलं नाही. मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शुक्रवारी पार्कबाईंचा कागद समितीपुढं जातो. काय लिहू, आता समजत नाही."

बस. आवाज चढला नाही. ही धमकी होती का? की माणूस खरंच अडचणीत होता? आमच्याकडचा मुकादम शिव्या देतो. शिवी दिली की बरं असतं, कुठं उभं राहायचं ते कळतं. मी चहा पिऊन बाहेर आले.

जेवणघरात इमो मुळे सोलत होती. जीउ आधीच तिथं होती. इमोनं वर बघितलं नाही.

"तुला कुणी सांगितलं व्हतं?" ती म्हणाली.

"मला दिसलं."

"दिसलं. मला डोळे न्हाईत का? दोन वर्सं मी त्याचा कोबी भरती. माझी पाठ हाय, मला कळत न्हाई का कोण माझ्या पाठीवर बसलंय ते?"

मी म्हणाले, "मग तू बोलली का नाहीस?"

"बोलनार व्हते. कागद हातात पडल्यावर." सुरी थांबली. "दोन वर्सं भरायला तीन आठवडे राहिलेत. तीन. मी एकेक दिस ढकलते आन् तू माझं नाव भितीवर लावलंस. आधी इचारायचं तरी."

मी सत्यभामाताईंचा नियम सांगितला. आमच्याकडं हंगामाच्या आधीच दाबतात, तेव्हा मालकाला गरज असते.

"तुज्याकडं त्याला माणसं मिळत न्हाईत आसं आसंल," इमो म्हणाली. "हितं माझ्या जागंवर यायला गावातल्या चौघी बसल्यात."

जीउ खाली बघत पुटपुटली, "स्सॅम, कोंदे म्हणजे हेच. न विचारता दुसऱ्याचं भलं करणं."

अंगावर चटका बसावा तसं झालं. इतक्या सभांमध्ये लोकांनी मला काय काय म्हटलं असेल, पण एवढं कधी लागलं नव्हतं.

इमोनं हात पुसले. "आता आयक. दुसरा कागद लाव. लिव्ह की तू परदेशी हायेस, पोरांकडून बोलायला शिकलीस, शब्दाचं वजन तुला कळलं न्हाई. मी तुला काय बोलले न्हाई. आमची एकमेकींना हातभार लावायची रीत तुला ठावी नव्हती. चुकलं म्हनून लिव्ह."

"पण मला कळलं होतं," मी म्हणाले. "तूच आता म्हणालीस की तो तुझ्या पाठीवर बसलाय. मग मी खोटं कसं लिहू?"

"खऱ्या कागदावर माझं नाव घातलंस ना? मग खोट्यावर तुझं घाल."

मी जीउकडं नवा कागद मागितला.

जीउनं मजकूर मोठ्यांच्या बोलीत लिहून दिला, शेवटचे प्रत्यय लांबलचक, माना झुकवलेले. मी अक्षर न् अक्षर उतरवून काढलं. आयुष्यात पहिल्यांदा खोटं पत्रक. मजा म्हणजे त्यातलं निम्मं खरं होतं. मी परदेशीच होते, पोरांकडूनच शिकले होते, इमोनं मला खरंच काही सांगितलं नव्हतं. आणि ती रीत मला माहीत होती की नव्हती, हे तर मलाच सांगता येत नव्हतं. गल्लीतल्या कुरडया मला माहीत होत्या, मुकादमाच्याही माहीत होत्या. अंगणात दोन्ही एकाच वेळी चालल्या होत्या.

कागद लावला तेव्हा चोई साहेब आले. शेवटपर्यंत वाचला. मी जितकी वाकले त्याहून ते जास्त वाकले. सरळ होताना अगदी हळू, पोरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "नोजॅम." आणि निघून गेले.

त्यांना सगळं कळलं होतं का? हसत होते का? दुखावले होते का? मी जीउला विचारलं. ती म्हणाली, "स्सॅम, मला वाटलं तुम्हालाच कळलं असेल."

नंतर

चार दिवस माझ्या भातावर अंडं आलं नाही. मी रस्सा प्यायले, माशाच्या वासासकट. शुक्रवारी संध्याकाळी समिती बसली. मी वर्गात दिवा न लावता बसून होते. आमच्या बायका कारखान्यावर आजारी पडतात, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर बसते तशी. जीउ पळत आली आणि दारातूनच दोन्ही हात वर केले. साहेबांनी चार ओळींच्या जागी दहा लिहिल्या होत्या. का लिहिल्या, कुणासाठी लिहिल्या, माझ्या पहिल्या कागदाला भिऊन की दुसऱ्या कागदावर खूश होऊन, की माणूस मुळातच बरा होता? इमोला विचारलं तर ती म्हणाली, "कोशीगी." आणि माझ्या ताटात दोन अंडी टाकली.

जानेवारीत मी परत आले. नेकनूरला उतरले तेव्हा निम्मी वस्ती कारखान्यावर गेलेली. सत्यभामाताईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, तोंडातली सुपारी फिरवली आणि म्हणाल्या, "इचारून नाव घालावं, हे बी खरंय. पर इचारलं आसतं तं ती न्हाईच म्हनली आसती, हे बी खरंय." ह्या वर्षी टोळ्या निघायच्या आधी पत्रक काढलं, त्यात नावं घालण्यापूर्वी मी प्रत्येकीच्या घरी जाऊन आले. दोघी हो म्हणाल्या. बाकीच्यांनी चहा पाजला. पत्रक दुबळं निघालं, असं काही कार्यकर्ते म्हणतात. असेल.

परवा जीउचा निरोप आला, सोबत फोटो. जेवणघराच्या दारावर एक कागद, मोठ्या वाकड्या अक्षरात. गापजिल हा शब्द कुठंच नाही. लिहिलं होतं: "ह्या वर्षी किमजांगसाठी ज्यानं त्यानं आपला कोबी आपल्या घरी खारवावा. कसा खारवायचा ते विचारलं तर सांगेन. पार्क सुन-जा."

मी उड्या मारणारच होते. मग विचारलं, साहेब काय म्हणाले? काही नाही म्हणाले. त्यांच्या बायकोनं विचारायला फोन केला, इमोनं सांगितलं, त्यांनी मीठ जास्त टाकलं. गावातल्या त्या दोघी, तेव्हा तिच्यासोबत अंगणात वाकलेल्या? त्या आता इमोकडं येत नाहीत, आपलं किमजांग तिनं एकटीनंच घातलं. दवाखान्यात आईला? आता टॅक्सीनं नेते.

मग हे चांगलं झालं की वाईट? इमो खूश आहे का?

बराच वेळ जीउ काहीतरी लिहीत होती आणि खोडत होती. शेवटी उत्तर आलं.

"माहीत नाही स्सॅम. पण शनिवारी ती सकाळी दहापर्यंत झोपली होती."